सातव्या होलची घंटा

सगळं मैदान ज्यांना दाजी म्हणतं, ते खरं तर एकाच माणसाचे दाजी. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेव्हणा, चौकातल्या सलूनचा मालक. त्याने गोल्फच्या मैदानावर पहिल्याच दिवशी चार लोकांत "दाजी, बाजूला व्हा, माझी काठी कुठेही जाते" अशी आरोळी ठोकली आणि तिकीट फाडणाऱ्या माळ्यापासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. सत्तरी उलटलेल्या एक बाई तर "दाजी, माझा बॉल बघा हो कुठे गेला" म्हणायच्या, आणि दाजी निमूटपणे झुडपात शिरायचे.

धंद्याने दाजी लिफ्टचे मेकॅनिक. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट वर जाताना कुठल्या मजल्यावर कण्हते, हे त्यांना तळमजल्यावर उभ्या उभ्या कळायचं. त्यांच्या कामात एक नियम होता आणि त्या नियमापुढे ते कुणाचंच चालू द्यायचे नाहीत. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ती ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिच्यात, उतरण्याआधी प्रत्येक मेकॅनिकने मेन स्विचला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी खिशात टाकून मगच उतरायचं. तीन जण उतरले तर तीन कुलपं. तिघंही वर येऊन आपापलं कुलूप काढत नाहीत तोवर लिफ्ट कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही. तेहतीस वर्षांत दाजींच्या हाताखाली एकाच्याही बोटाला खरचटलं नव्हतं. हे जरा लक्षात ठेवा, कारण याच माणसाने पुढे काय करून ठेवलं ते मला सांगायचंय.

आता लिफ्टवाल्याला गोल्फ कुठून सुचला? तर गच्चीवरून. एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीन-रूम होती. तिथे बसून डबा खाताना खाली नगरपालिकेचं गोल्फचं मैदान दिसायचं. माणसं बॉल मारायची, बॉल जुन्या खाणीच्या डबक्यात पडायचा, आणि ज्याचा पडला तोच सगळ्यांत जोरात हसायचा. दाजींना याचं फार नवल वाटलं. आपल्याकडे काम बिघडलं की शिव्या बसतात, इथे बिघडलं की मजा. एका रविवारी मेव्हण्याला बखोटीला धरून ते तिकीटखिडकीवर जाऊन उभे राहिले, भाड्याच्या काठ्या घेतल्या, आणि त्या दिवशी दोघांनी मिळून अकरा बॉल हरवले. त्याला आता वीस वर्षं झाली.

ते मैदान म्हणजे नगरपालिकेकडे उरलेल्या जागेत कसेबसे कोंबलेले नऊ होल, म्हणजे बॉल मारायच्या जागेपासून झेंड्याखालच्या भोकापर्यंतचे नऊ टप्पे. पहिला होल पाण्याच्या टाकीच्या खांबांमधून काढायचा. बॉल खांबाला आपटला तर तो तुमच्याही मागे जाऊन पडायचा. तिसऱ्याला खाण ओलांडायची. पाचवा इतक्या चढावर, की जोर कमी पडला तर बॉल घरंगळत पुन्हा तुमच्या पायाशी यायचा, आणि माणसांना वर चढायला दोर बांधलेला होता. पैसेवाल्यांच्या सपाट, गुळगुळीत मैदानावर दाजी एकदाच गेले, एका बड्या गिऱ्हाइकाचा पाहुणा म्हणून. परत आल्यावर म्हणाले, "छान होतं. पण फरशीवर खेळल्यासारखं वाटलं."

मग काय, दाजींना चटकच लागली. जिथे जिथे असलं वेडंवाकडं, कुणालाही तिकीट काढून शिरता येईल असं मैदान आहे, तिथे ते आणि मेव्हणा जुन्या व्हॅनमधून जायचे. एका ठिकाणी झेंड्याभोवती गवताऐवजी तेल घातलेली वाळू होती, आणि आपल्या पावलांचे ठसे आपणच फळीने पुसून पुढे जायचं. एका ठिकाणी दोन होलांच्या मधून मालगाडीचा रूळ जायचा. गाडी आली की सगळे काठ्या टेकून उभे, आणि गार्ड डब्यातून खूण करून विचारायचा, किती फटके झाले. दाजी फटके फारसे मोजायचेच नाहीत. वहीत ते होलाचं चित्र काढायचे आणि खाली एक ओळ लिहायचे. "इथे शेळीने बॉल पळवला." "इथे मेव्हणा चिखलात बसला." अशा सात वह्या घरात आहेत. ताई, म्हणजे दाजींची बायको, पाहुण्यांना त्या वाचून दाखवते आणि स्वतःच हसून हसून बेजार होते.

पण दाजींचा जीव जडला होता तो आपल्या मैदानाच्या सातव्या होलावर. तिथे बॉल मारायच्या जागेसमोर मजलाभर उंचीचं टेकाड. झेंडा टेकाडाच्या पलीकडे, खोलगट जागेत, त्याच्याभोवती बारीक कापलेली हिरवळ. इकडून तिकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. पलीकडे माणसं आहेत की नाहीत ते कळावं म्हणून हिरवळीच्या कडेला एका खांबावर शाळेची जुनी घंटा टांगलेली. तुम्ही खेळून हिरवळीबाहेर पडलात की घंटा वाजवायची. ती ऐकली की टेकाडामागचा माणूस मारणार, डोळे झाकून. खांबावर पाटी होती. खोटी घंटा वाजवणाऱ्यास एक वर्ष मैदान बंद, घंटेविना मारणाऱ्यास कायमचं बंद. चाळीस वर्षांत ती पाटी कुणालाही लागू झाली नव्हती. दाजी म्हणायचे, "बघा, न दिसणाऱ्या माणसाच्या भरवशावर मारायचं. असा होल दुसरा कुठे नाही."

त्या रविवारी दाजींनी सातव्यावर फटका मारला तेव्हा तो बरा गेला एवढंच कळलं. टेकाड ओलांडून गेल्यावर मेव्हण्याचा बॉल हिरवळीवर दिसला, दाजींचा कुठेच नाही. झुडपं चाळली, नाली बघितली. मेव्हण्याने स्वतःचा बॉल दोन फटक्यांत आत घातला आणि तो काढायला वाकला, तर भोकात बॉल दोन. एक दाजींचा. वीस वर्षांत पहिल्यांदाच, एका फटक्यात.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "आत आहे."

दाजी जवळ आले, वाकले, बघितलं. आणि मग जे झालं ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. त्यांचे पाय आपोआप धावले. दहा पावलांवर घंटा होती, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाने दोर धरून ती घणाघणा वाजवली. जगाला सांगायला. मेव्हणा अजून वाकलेलाच होता, उजवा हात भोकात, दाजींचा बॉल बोटांनी चाचपत, हसत.

टेकाडापलीकडे गणिताच्या बाई उभ्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन गावात आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. आठवड्यात मुलांशी सोडून कुणाशी चार शब्द बोलायला मिळत ते याच मैदानावर, रविवारी. त्यांनी घंटा ऐकली आणि मारला. त्यांचा फटका नेहमीच लांब आणि जोरदार. बॉल टेकाडावरून आला तो थेट मेव्हण्याच्या मनगटावर.

बाई धावत टेकाड ओलांडून आल्या तेव्हा मेव्हणा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता. "मी घंटा ऐकली," त्या म्हणाल्या. "घंटा ऐकूनच मारला मी." मागून निवृत्त न्यायाधीश आले, कानात यंत्र घालूनही अर्धंच ऐकणारे. ते म्हणाले, "आम्हाला नाही बुवा ऐकू आली." आणि मेव्हणा, वेदनेने पांढरा पडलेला, दाजींकडे एकदा बघून म्हणाला, "कसली घंटा? वाजलीच नाही."

दाजींनी मेव्हण्याला उचललं आणि व्हॅनमध्ये घातलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं, दोन बोटंही. कात्रीचा हात. प्लास्टर बांधून घेता घेता मेव्हणा म्हणाला, "दाजी, वर्षभर मैदान बंद म्हणजे तुम्ही आजारी पडाल. गप्प राहा. बाई नवीन आहेत, दुसरीकडे खेळतील." दाजी गप्प राहिले. सोमवारी राहिले, मंगळवारी राहिले. शनिवारी मैदानाची समिती बसणार होती, बाईंचा निकाल करायला. दाजींना जेवण गोड लागेना. तीन दिवस तर ते लिफ्टच्या शाफ्टमध्ये कुणाला उतरूच देईनात. "मी उतरतो, तुम्ही वर थांबा," म्हणत सगळ्यांचं काम एकटेच करत बसले.

संध्याकाळी मात्र ते न चुकता सलूनमध्ये. मेव्हणा खुर्चीत बसून डाव्या हाताने खुणा करणार आणि दाजी गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती कापड बांधणार, केस झाडणार, आरसा धरणार. एकदा त्यांनी एका गृहस्थांच्या कल्ल्यांना हात घातला. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी टोपी घालून हिंडताना दिसले.

बुधवारी ताईने ताट वाढलं आणि समोर बसली. "भाऊ सांगत होता, तुमचा बॉल एका फटक्यात गेला."

"गेला."

"मग घरात सांगितलं का नाही? वीस वर्षं वाट बघितलीत त्याची."

दाजी भात कालवू लागले.

"मी सांगते," ताई म्हणाली. "आपली मुलगी झाली तेव्हा तुम्ही काय केलंत आठवतंय? सहा इमारतींत गेलात आणि प्रत्येक लिफ्टची धोक्याची बेल वाजवलीत. माणसं जिन्याने पळाली होती. तुम्हाला आनंद झाला की हातात घंटा लागते. मला कुणी सांगायला नको."

दाजींनी घास खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"भावाचा हात मोडला त्याचं मी आणि तुम्ही बघू," ताई म्हणाली. "पण ती बाई शाळेतून रिकाम्या घरात जाते आणि विचार करत बसते, की आपल्याला ऐकू आलं ते खरंच आलं का. तिचं कोण बघणार?"

शनिवारी पाच वाजता मैदानाच्या पत्र्याच्या खोलीत सगळे जमले. टेबलामागे न्यायाधीश, माळी आणि नगरपालिकेचा कारकून. भिंतीवर फळा, त्यावर एका फटक्यात होल करणाऱ्यांची नावं रंगवलेली, चाळीस वर्षांत पाच. गणिताच्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी घंटा ऐकली होती. पण आता तुम्ही सगळे नाही म्हणताय, तर मला काही सांगता येत नाही." दाजी उभे राहिले.

"घंटा वाजली होती," ते म्हणाले. "मी वाजवली."

मेव्हणा घाईघाईने म्हणाला, "साहेब, दाजींच्या मनाला लागलंय, म्हणून ते असं काहीतरी बोलतायत."

"तुमचा मेव्हणा तर उलट सांगतो," न्यायाधीश म्हणाले.

"तो खोटं बोलतो, साहेब. त्याला सवय आहे. टक्कल पडलेल्या माणसाला रोज सांगतो की अजून दाट आहेत." कारकून खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. दाजी बोलतच राहिले. "बॉल आत गेला म्हणून मला भान राहिलं नाही. हा वाकलेला होता आणि मी वाजवली. आयुष्यभर लोकांना कुलूप घाला, कुलूप घाला म्हणत आलो आणि मी स्वतः असं वागलो. बाईंनी काहीही चुकीचं केलं नाही. वर गप्प बसलो सहा दिवस, ते तर त्याहून वाईट." मग ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही बरोबर ऐकलं होतं."

बाईंनी पदराने तोंड झाकलं आणि त्या रडल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि पाटीवरचा नियम वाचून दाखवला. एक वर्ष. माळी भीत भीत म्हणाला, "पण दाजींचं नाव फळ्यावर रंगवायचं ना?" दाजी नको म्हणाले. पुढे मेव्हण्याने डाव्या हाताने, कावळ्याच्या पायासारख्या अक्षरात, साक्षीदार म्हणून त्यांच्या त्या दिवशीच्या फटक्यांच्या कार्डावर सही केली. ते कार्ड दाजींनी कपाटात, कपड्यांखाली ठेवून दिलं.

माणूस इथेच थांबला असता तरी मी त्याला नमस्कार केला असता. पण पुढचं ऐका.

दोनेक महिन्यांनी माळी दाजींच्या लिफ्टदुरुस्तीच्या दुकानात आला आणि बोलता बोलता म्हणाला, "गणिताच्या बाई सातवा खेळतच नाहीत हो. बॉल उचलतात आणि टेकाडाला वळसा घालून चालत पलीकडे जातात." दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते फाटकावर जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना वर्गात बसवलं, मुलांच्या छोट्या बाकावर.

"राग नाही, दाजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, तेवढं कोण बोलतं? पण घंटा वाजली की मला तुमच्या मेव्हण्यांचा आवाज ऐकू येतो. पलीकडे कुणी नाही, हे मला डोक्याने कळतं. हात उठत नाही."

दाजी घरी आले ते थेट हत्यारांच्या पेटीशी. पुढचे चार महिने त्यांच्या संध्याकाळी त्यातच गेल्या. भंगारातल्या लिफ्टच्या स्विचचा लोखंडी दांडा त्यांनी आणला, त्याला चार भोकं पाडली आणि तो घंटेच्या लोलकाला असा बसवला, की एका जरी भोकात कुलूप असलं तरी लोलक हलत नाही. तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक छोटं कुलूप आणि चावी. हिरवळीवर पाय ठेवण्याआधी कुलूप दांड्यात घालायचं, चावी खिशात. बाहेर येऊन आपलं कुलूप आपणच काढायचं. शेवटचं निघालं की मगच घंटा वाजणार. दाजींना फाटकाच्या आत यायला बंदी, म्हणून ते कुंपणाबाहेर उभे राहून सांगायचे आणि माळी आत दांडा बसवायचा. "डावीकडे. अजून. अरे तुझी डावी." मेव्हणा, प्लास्टर निघालेला हात रबराच्या चेंडूवर दाबत, दोघांनाही अक्कल शिकवायचा.

जुन्या लोकांनी आधी नाक मुरडलं. गोल्फ खेळायला आलोय की तुरुंगात, असं म्हणाले. पण महिन्याभरात दुसऱ्या गावची माणसं हा कुलपांचा होल बघायला येऊ लागली, आणि मग हेच लोक छाती काढून पाहुण्यांना समजावून सांगू लागले. गणिताच्या बाई मात्र वळसाच घालत राहिल्या. त्या वर्षी दाजी आणि मेव्हणा दर रविवारी दुसऱ्या मैदानांवर गेले, वाळूच्या आणि रुळाच्या आणि शेळ्यांच्या. मेव्हणा हळूहळू पुन्हा काठी धरायला लागला, कात्री तर त्याआधीच. वहीत चित्रं कमी झाली नाहीत. खालच्या ओळी मात्र लहान झाल्या.

वर्ष भरलं त्या रविवारी दाजी सकाळी सातला तिकीटखिडकीवर होते. ताईही आली होती, पहिल्यांदाच, "बघू तरी, काय आहे एवढं" म्हणत. दाजींनी माळ्याला एकच विनंती केली, की आमच्या लगेच मागे गणिताच्या बाईंना सोड. बाई भेटल्या, हसल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. सातव्यावर दाजींनी मारला तो बॉल थेट झुडपात. मेव्हण्याचा नालीत. "नशीब," मेव्हणा म्हणाला, "आज आनंद व्हायची भीती नाही." दोघांनी दांड्यात कुलपं घातली, पाच-पाच फटक्यांत खेळ आटोपला, झेंडा लावला, बाहेर आले. मेव्हण्याने आपलं कुलूप काढलं. दाजींच्या हातून चावी दोनदा खाली पडली, शेवटी ताईने ती उचलून दिली. कुलूप निघालं. दाजींनी मागे वळून हिरवळ बघितली, पुन्हा एकदा बघितली, आणि दोर ओढला. फक्त एकदा, शांतपणे.

मग तिघं उभे राहिले. टेकाडावर गवत हलत होतं. मिनिट गेलं. दुसरंही गेलं. मेव्हणा टेकाडाला वळसा घालणाऱ्या वाटेकडे बघू लागला. "येत असतील चालत," तो हळूच म्हणाला. "परत वाजवू का, दाजी?"

"नको," दाजी म्हणाले. "त्यांनी ऐकलीय."

आणि बॉल आला. टेकाडावरून उंच, त्यांच्या डोक्यांच्या बराच वरून, हिरवळीच्या मधोमध आपटला आणि धावत पलीकडच्या गवतात गेला. "लांब गेला," मेव्हणा म्हणाला, आणि त्याने उजव्या हाताने डोळे पुसले. दाजी खांबाला टेकून उभे होते.

टेकाडाच्या माथ्यावर बाई दिसल्या, काठी हातात, श्वास लागलेला.

"घंटा ऐकली," त्यांनी वरून सांगितलं.

"हो बाई," दाजी म्हणाले. "मी वाजवली."